भावनांचा अभ्यास सुरू करताय? आधी पत्त्यांचा प्रयोग समजून घ्या

भावना म्हणजे विचारातला अडथळा, हे गृहीत धरून वाचायला बसू नका. सुरुवात मेंदूशास्त्रज्ञ अँटोनिओ दामासिओ यांच्या 'एलियट' या रुग्णापासून करा. मेंदूतली गाठ काढल्यावर त्याची बुद्धी शाबूत होती, पण भावना बोथट झाल्या होत्या. कागदपत्रं कशी लावायची, या प्रश्नावर तो अख्खी दुपार घालवायचा. नोकरी गेली, संसार मोडला.

मग दामासिओंच्या गटाचा 1994 चा, अमेरिकेतल्या आयोवातला पत्त्यांचा प्रयोग नीट वाचा, घाई करू नका. पत्त्यांचे चार गठ्ठे, त्यांतून खेळणारा एकेक पत्ता उचलतो. दोन गठ्ठ्यांत मोठी बक्षिसं, पण शेवटी तोटा. दोनांत छोटी बक्षिसं आणि अखेर फायदा. निरोगी माणसं हळूहळू चांगल्या गठ्ठ्यांकडे वळतात. याच गटाच्या 1997 च्या निबंधानुसार, कारण सांगता येण्याआधीच वाईट गठ्ठ्याकडे हात जाताना त्यांच्या तळव्यांना सूक्ष्म घाम येत होता. कपाळामागच्या भागाला इजा झालेल्यांना तो येत नव्हता.

इथे बरेच नवखे भारावून थांबतात. कृपा करून थांबू नका. 2004 मध्ये टियागो मायिया आणि जेम्स मॅक्लेलंड या संशोधकांनी खेळाडूंना बारकाईने प्रश्न विचारले, तेव्हा त्यांना गठ्ठ्यांबद्दल जाणीवपूर्वक बरंच कळत असल्याचं दिसलं. म्हणजे 'शरीराला आधी कळतं' हा दावा वाटतो तितका पक्का नाही. मूळ निबंध आणि ही टीका शेजारी ठेवून वाचा. 'सहा मूलभूत भावना' वगैरे याद्या नंतर बघता येतील.