विमान नीसला, बोट सें-ट्रोपेला : वाचकांचे प्रवास-प्रश्न

प्रश्न : आमच्या जावयांनी फ्रान्सला एक आठवड्यासाठी यॉट घेतलीय, कॅप्टन आणि क्रूसकट. बोटीवर चढायचं सें-ट्रोपेच्या बंदरात, शनिवार 15 ऑगस्टला, संध्याकाळी 5 पर्यंत. आम्ही मुंबईहून दुबईमार्गे त्याच दिवशी दुपारी 1 च्या सुमारास नीसला उतरतोय. एकूण 9 माणसं, त्यात 3 आणि 6 वर्षांची दोन नातवंडं आणि 78 वर्षांच्या सासूबाई, त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. एक एजंट म्हणतो, ड्रायव्हरसकट मोठी व्हॅन देतो, सगळे एकाच गाडीत, दीड तासात बोटीच्या दारात सोडतो. रेट बराच आहे. जास्त पैसे भरले तर खरंच लवकर पोचू का? आणि गाडी थेट बोटीपर्यंत जाते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच आहे, आणि ते आत्ताच कळलेलं बरं कारण अजून सगळं बदलता येतं.

दीड तास हा आकडा खोटा नाही पण तो रिकाम्या रस्त्याचा आहे. नीस एअरपोर्ट ते सें-ट्रोपे साधारण 100 किलोमीटर. त्यातला ए-8 हायवेचा भाग टोल भरून बऱ्यापैकी पटकन संपतो, मग ल म्वी नावाच्या एक्झिटला उतरायचं, डोंगर ओलांडून सेंत-मॅक्सिमला समुद्रावर यायचं आणि तिथून खाडीला वळसा घालत पुढं. खरी गोची इथून सुरू होते. सें-ट्रोपे जमिनीच्या टोकाला आहे, तिथं रेल्वे नाही, आणि तुम्ही कुठल्याही बाजूनं या, शेवटी ला फू नावाच्या चौकात बहुतेक सगळे मुख्य रस्ते एकत्र येतात आणि तिथून गावापर्यंतचे शेवटचे पाचेक किलोमीटर एकच मुख्य रस्ता. गावात कायमची राहणारी माणसं चारेक हजार, पण ऑगस्टमध्ये अख्खा युरोप तिथं लोटतो. त्या शेवटच्या पाच किलोमीटरला तासभर लागला तरी तिथल्या ड्रायव्हरना नवल वाटत नाही. मर्सिडीज असो नाहीतर साधी टॅक्सी, रांगेत सगळे सारखेच उभे राहतात.

आणि तुमचा दिवस तर फारच अवघड निवडला गेलाय. 15 ऑगस्टला फ्रान्समध्ये मेरीमातेच्या सणाची सार्वजनिक सुट्टी असते, यंदा ती नेमकी शनिवारी, म्हणजे सुट्टीवाल्यांच्या येण्याजाण्याचा दिवस, शिवाय सें-ट्रोपेचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी सकाळी भरतो तर त्याची पांगापांग वेगळी. फ्रेंच सरकारची 'बिझाँ फुते' म्हणून ट्रॅफिकचा अंदाज देणारी सेवा आहे, ती प्रत्येक दिवसाला हिरवा, नारंगी, लाल किंवा काळा रंग देते. निघायच्या आठवड्यात ते कॅलेंडर नक्की बघा.

म्हणून माझं स्पष्ट मत, गाडीवर जास्त पैसे घालू नका, बोटीवर चढायची जागा बदलून घ्या. जावयांना सांगा, ज्याच्यामार्फत बोट ठरवली त्या ब्रोकरला आजच विचारा की ती मुळात कुठल्या बंदरात असते. या किनाऱ्यावरच्या कितीतरी मोठ्या यॉट आंतीबच्या पोर्ट वोबाँमध्ये असतात आणि ते बंदर नीस एअरपोर्टपासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर आहे. बोट तिथलीच असेल तर ती रिकामी सें-ट्रोपेला जाणार आणि तुम्ही घामाघूम होत रस्त्यानं तिच्या मागं जाणार, याला काय अर्थ आहे? आंतीबलाच चढा, सासूबाईंना केबिनमध्ये आडवं होऊ दे, आणि सें-ट्रोपेला दुसऱ्या दिवशी समुद्रातून जा. बोट दुसरीकडं नेण्याचा खर्च चार्टरच्या, म्हणजे बोट भाड्यानं घेण्याच्या, करारात कसा धरलाय तेवढं विचारून घ्या, कधी कधी तो उलट वाचतो.

ते जमलंच नाही तर दुसरा रस्ता. गाडी सेंत-मॅक्सिमपर्यंतच ठरवा. तिथून समोर खाडीपलीकडं सें-ट्रोपे दिसतं आणि प्रवासी बोटीनं पंधरा मिनिटांत तिथल्या बंदरात पोचता येतं. बातो व्हेर कंपनीच्या फेऱ्या सीझनमध्ये सारख्या असतात. आपण मांडव्याला जाताना गोवा हायवेचा वळसा टाळून भाऊच्या धक्क्यावरून बोट पकडतो, अगदी तोच हिशोब. यॉटच्या कॅप्टनला सांगितलं तर तो स्वतःची छोटी बोट, तिला टेंडर म्हणतात, सेंत-मॅक्सिमला पाठवू शकेल, पण आजींना त्यात उतरताना आधार द्यायला क्रूमधली दोन माणसं हवीत हे आधी सांगून ठेवा. एक मात्र लक्षात असू द्या, सें-ट्रोपेचं बंदर उत्तरेला तोंड करून आहे आणि मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला की खाडी चांगलीच उसळते, अशा दिवशी मुकाट्यानं रस्ता धरावा लागतो. हेलिकॉप्टरचा पर्याय असतो पण 9 माणसं आणि एवढ्या बॅगा म्हटल्यावर तो विचार सोडा.

आता त्या एका व्हॅनबद्दल. फ्रान्समध्ये ड्रायव्हरसकट बुक करायच्या गाडीला व्हीटीसी म्हणतात आणि कायद्यानं तिच्यात ड्रायव्हर धरून जास्तीत जास्त 9 सीट असतात. म्हणजे प्रवासी 8. तुम्ही 9 आहात! जो एजंट एका व्हॅनमध्ये सगळ्यांना बसवतो म्हणतो त्यानं तुमची माणसं मोजलेली नाहीत, किंवा मोजून गप्प बसलाय, आणि बॅगा कुठं ठेवणार तेही सांगितलेलं नाही. दोन गाड्या घ्या. एकीत आजी, मुलं आणि बायका, दुसरीत सामान आणि बाकीचे. सेंत-मॅक्सिमचा बेत ठरला तर सामानाची गाडी एका माणसाबरोबर सावकाश रस्त्यानं येऊ दे, उशीर झाला तरी कुणाचं अडत नाही. आणि कडक सुटकेस शक्यतो आणूच नका, यॉटवर त्या ठेवायला जागा नसते, घडी होणाऱ्या कापडी बॅगा आणा.

बुकिंग करताना रेट लेखी आणि ठरीव घ्या, टोल धरून. मीटरच्या टॅक्सीचा मीटर ट्रॅफिकमध्ये उभं राहूनही पळत असतो, ठरीव भाड्यात ती चिंता नाही. फ्लाइट नंबर द्या आणि फुकट थांबायची वेळ किती ते विचारा, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं कारण पॅरिसवरून येणाऱ्यांचं इमिग्रेशन पॅरिसलाच झालेलं असतं, तुम्ही दुबईहून थेट येताय तर ती रांग नीसलाच लावायची आहे. दोन्ही मुलांच्या सीट वयासकट लिहून मागा, नुसतं 'चाइल्ड सीट' लिहिलं तर दोघांना एकाच मापाच्या येतील. व्हीटीसी आधीच बुक केलेली असावी लागते, त्यामुळं एअरपोर्टच्या आत कुणी 'टॅक्सी, टॅक्सी' करत बॅगेला हात घातला तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

राहिला बोटीच्या दाराचा प्रश्न. सीझनमध्ये जुन्या बंदराच्या धक्क्यावर गाड्यांना मोकळीक नसते, ड्रायव्हर बहुधा अलीकडच्या मोठ्या पार्किंगला, पार्किंग द्यू पोरला सोडतो, पुढं थोडं चालायचं. आजींसाठी व्हीलचेअर हवी असेल तर कॅप्टनशी आधी बोला. ड्रायव्हरला नुसतं बोटीचं नाव देऊन भागत नाही, धक्क्याचं नाव, बर्थचा, म्हणजे बोट बांधायच्या जागेचा, नंबर आणि कॅप्टनचा फोन हे तिन्ही द्या, आणि आदल्या संध्याकाळी परत खात्री करा, बोटी जागा बदलतात, कधी बाहेर नांगर टाकून उभ्या असतात. चुकामूक झालीच तर सुफ्रेनच्या पुतळ्यापाशी थांबा, तो सगळ्यांना माहीत असतो. हा फ्रेंच नौदलाचा सेनापती 1782-83 मध्ये आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावर इंग्रजांशी लढला आणि हैदर अलीला भेटलाही होता. नातवंडांना ही गोष्ट जरूर सांगा.

परतीला उतरायचं बंदरसुद्धा आंतीबच मागा, आणि नाहीच मिळालं तर शनिवारी दुपारच्या आधीचं विमान घेऊ नका.

प्रश्न : मोनॅकोच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या वेळी नीसहून गाडीनं थेट बंदरावर जाता येईल का?
– एक वाचक, दुबई

उत्तर : नाही. शर्यतीचा ट्रॅकच पोर्ट एर्क्यूल या मोनॅकोच्या बंदराच्या कडेनं जातो, त्यामुळं शर्यतीच्या दिवसांत ते रस्ते तासन्‌तास बंद असतात. यंदा शर्यत मेऐवजी जूनमध्ये आहे हे तारखा ठरवताना बघा. नीसहून ट्रेननं जा, गर्दी असते पण पोचता नक्की. सामान जास्त असेल तर आदल्या दिवशी किंवा अगदी पहाटे गाडी करा. मोनॅको वेगळा देश आहे, परवान्याचे नियमही वेगळे, म्हणून नीसच्या गाडीला तिथून परत येताना पॅसेंजर उचलायची परवानगी आहे का तेही बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.