होसूरची ऑफर घ्यावी का? जतच्या एका पालकांना उत्तर

(जत तालुक्यातल्या एका पालकांचं पत्र, थोडक्यात: मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे. वर्षभर चाकणला ठेकेदारामार्फत असेंब्ली लाइनवर आहे, हातात १७,००० मिळतात. खोलीचा वाटा ३,०००, मेस ३,२००. आता तामिळनाडूत होसूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ‘ट्रेनी इंजिनिअर – क्वालिटी’ म्हणून ऑफर आली आहे. वर्षाला ३ लाख ३६ हजार सीटीसी, दोन वर्षांचा ५०,००० रुपयांचा बॉण्ड (मुदतीआधी सोडलं तर भरायची रक्कम). पीजी (पेइंग गेस्ट म्हणून राहणं) जेवणासह ७,५००. इतक्या लांब पाठवावं का? भाषेचं काय? डोमिसाईल जाईल का?)

सप्रेम नमस्कार.

आधी पगार उलगडून बघू, कारण ‘महिना २८ हजार’ असं घरात सगळे धरून चालले असतील तर तेवढे हातात येणार नाहीत. सीटीसी हा कंपनीला पडणारा एकूण खर्च असतो. ऑफरसोबत पगाराची फोड दाखवणारा तक्ता तुम्ही पाठवलेला नाही, तो कंपनीकडून मागवून घ्याच. तोवर नेहमीच्या पद्धतीने हिशेब मांडतो. बेसिक निम्मं, म्हणजे १४,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,६८० आणि ग्रॅच्युइटीचे ६७३, हे दोन्ही सीटीसीतच मोजलेले असतात. शिवाय बऱ्याच कंपन्या १० टक्के ‘व्हेरिएबल’ ठेवतात, ते २,८०० वर्षाअखेरीस कामगिरी बघून मिळतात. उरला ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, २२,८४७. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ १,६८०, प्रोफेशनल टॅक्स (तामिळनाडूत तो सहामाही असतो, जास्तीत जास्त १,२५०, म्हणजे महिना साधारण २०८) आणि बस-कॅन्टीनचे समजा ७५० गेले. हातात २०,२०० च्या आसपास.

आता खर्च. चाकणला खोली, मेस, किरकोळ १,५०० आणि महिन्याला गावी एक फेरी धरून १,००० असे ८,७०० जातात, ८,३०० उरतात. होसूरला पीजी ७,५००, किरकोळ १,५००, बाहेरचं खाणं १,२०० आणि वर्षाकाठी गावी चार फेऱ्या महिन्यावर वाटून ८५०. उरतात ९,१५०. फरक ८५० रुपयांचा! पहिल्याच महिन्यात पीजीचं डिपॉझिट, गादी-बादली, प्रवास यात दहा-बारा हजार जातील, म्हणजे वर्षभराचा फरक तिथेच संपला. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर तेवढीच वरकड. म्हणून पैशासाठी होसूरला पाठवायचं असेल तर पाठवू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

तरीही माझा कल होसूरकडे आहे, तो कामामुळे. असेंब्ली लाइनवर ठेकेदाराकडे पाच वर्षं काढली तरी मुलाच्या बायोडेटात पहिल्या वर्षापेक्षा वेगळी ओळ येत नाही. क्वालिटीत दोन वर्षं नीट गेली तर मायक्रोमीटर, बोअर गेज या हातातल्या मापन साधनांपासून सुरुवात होऊन सीएमएम (मोजमापाचं मोठं यंत्र), जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-मापांच्या मर्यादांच्या खुणा), एसपीसी (आकडेवारीने उत्पादनावर नजर ठेवणं), एमएसए (मोजण्याची पद्धतच तपासणं) आणि ग्राहकाकडे जाणारी पीपॅपची, म्हणजे भागाच्या मंजुरीची कागदपत्रं इथपर्यंत हात बसतो. हे ज्याला येतं त्याला चाकण, रांजणगाव, वाळूजलाच नाही तर शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्येही विचारलं जातं. म्हणजे घराजवळ यायचा रस्ता यातूनच उघडतो.

मात्र ‘क्वालिटी’ या शब्दावर भुलू नका. पुष्कळ ठिकाणी ट्रेनीला फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलाशी उभं करतात. हातात प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी), तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं की लाल क्रेट, नाही गेलं की निळं क्रेट, आणि आठ तास तेच. हे कामही लागतं, पण दोन वर्षं तेच करून काही हाती लागत नाही. त्यामुळे मुलाने एचआरला मेल करून विचारावं: कोणत्या भागांवर काम असेल, कोणती मापन साधनं हाताळायला मिळतील, किती महिन्यांनी विभाग बदलतात, ट्रेनिंगनंतर कायम करण्याचे निकष काय. फोनवर ‘सब मिलेगा’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी तिथे असेलच असं नाही. उत्तर लेखी हवं.

नेमणूक कोणाची, हे त्याच मेलमध्ये विचारायचं. लेटरहेड कंपनीचं आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं? पीएफ कोणाच्या एस्टॅब्लिशमेंट कोडवर भरला जाणार? ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये नाव टाकलं की ती आस्थापना दरमहा पीएफ भरते का आणि किती कामगारांचा, हे कोणालाही दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, न चुकता करा. पत्रात कुठे ‘अप्रेंटिस’ शब्द असेल तर सावध व्हा. अप्रेंटिस कायद्याखालच्या उमेदवाराला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा योजना) लागू नसतं, आणि मुदत संपल्यावर त्याला कामावर घेण्याचं कंपनीवर सहसा बंधनही नसतं. एजन्सीची नेमणूक निघाली तर चाकणच बरं. ठेकेदारीच करायची तर सहाशे-सातशे किलोमीटरवर जाऊन कशाला?

बॉण्डबद्दल. बॉण्ड मुळात बेकायदा असतो हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात असा बॉण्ड ग्राह्य धरला. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. म्हणून रक्कम सेवेच्या काळाप्रमाणे कमी होत जाते का ते वाचा. वर्षभराने सोडलं तर २५,००० आणि शेवटच्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण ५०,००० यात फरक आहे; दुसरं असेल तर बदलून मागा. मूळ मार्कशीट किंवा डिप्लोमा सर्टिफिकेट मात्र जमा करायचं नाही. मूळ कागद दाखवावे, झेरॉक्स द्यावी, मूळ परत घ्यावे. आणि रुजू होण्यासाठी कोणी ‘सिक्युरिटी’ म्हणून पैसे मागितले तर तिथेच थांबा.

परराज्यात जाताना एक गोष्ट लोक बघत नाहीत: ही नोकरी सुटली तर त्याच खोलीत राहून दुसरी मिळेल का? होसूरची बाजू इथे भक्कम आहे. टीव्हीएस मोटर, अशोक लेलँड, टायटन यांचे कारखाने तिथे आहेत, त्यांना माल पुरवणारे लहान-मोठे शॉप सिपकॉटमध्ये आहेत (आपल्याकडे एमआयडीसी, तसं तिकडे सिपकॉट). शिवाय अत्तिबेलेला हद्द ओलांडली की कर्नाटकातलं बोम्मसंद्र, जिगणी. बोम्मसंद्रपर्यंत ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर मेट्रोची पिवळी मार्गिकाही सुरू झाली. एकच मोठी कंपनी असलेल्या आडगावी ऑफर असती तर मी इतक्या लवकर हो म्हटलं नसतं.

राहण्याचं म्हणाल तर पीजी निवडताना भाड्यापेक्षा शिफ्ट बघा. पहिल्या शिफ्टची बस पहाटे साडेपाचच्या सुमारास निघते, तेव्हा पीजीत नाश्ता झालेला नसतो. दुसरी शिफ्ट संपवून माणूस रात्री साडेअकरा-बाराला येतो, तेव्हा जेवण संपलेलं आणि कधी कधी गेटही बंद. म्हणजे न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरायचे आणि वर बाहेर खायचं. मी धरलेले १,२०० त्यासाठीच आहेत. पीजीवाल्याला तीन गोष्टी विचारा: रात्री गेट किती वाजता लागतं, डबा झाकून ठेवतात का, सोडताना किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिटमधून किती कापतात. कंपनीच्या बसचा थांबा पायी जाण्याइतका जवळ हवा. तीन महिने पीजीत काढून, ओळखीची दोन-तीन पोरं जमली की खोली घ्यावी. बंगळूरच्या बाजूला खोलीसाठी पाच ते दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागतात, त्यामुळे घाई नको. खोली घेतल्यावर पूर्ण गॅस कनेक्शनच्या मागे लागू नका, ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. पीजीत तिन्ही त्रिकाळ भात, सांबार, रसम असेल. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या मुलाला पहिले दोन महिने हे जड जातं, पण बंगळुरात उत्तर कर्नाटकी खानावळी पुष्कळ आहेत, तिथे भाकरी मिळते.

भाषेची तुम्हाला काळजी वाटते, पण जतच्या मुलाची तीच जमेची बाजू आहे. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की घरात कन्नड समजतं. होसूर हद्दीवरचं गाव आहे, तिथे तमिळसोबत कन्नड आणि तेलुगूही चालते. भाजीवाला, रिक्षा, घरमालक यांच्याशी त्याचं कन्नड चालून जाईल. शॉपमध्ये सुपरवायझर तमिळ बोलतील. ड्रॉइंग आणि रिपोर्ट इंग्रजीत असतात. आकडे, मापं, ‘थांब’, ‘पुन्हा मोज’, ‘मशीन बंद कर’ एवढं तमिळ जाण्याआधीच शिकून घ्यावं, कारण सुरक्षेचे इशारे कोणी भाषांतर करून देत नाही.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं ईएसआय. त्याची पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे. चाकणला तो बहुधा त्यात बसतो, आणि तुमचं स्वतःचं उत्पन्न नियमात बसत असेल तर आईवडिलांनाही उपचार मिळतात. होसूरला ग्रॉस २२,८४७ झाला तर ते बंद होऊ शकतं. मग कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत का, हप्ता कोण भरतो, हे विचारलंच पाहिजे. घरच्या रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहेच, त्यामुळे त्याचं नाव कार्डावरून कमी करण्याची घाई करू नका.

डोमिसाईल परराज्यात नोकरी केल्याने जात नाही. ते काढलेलं नसेल तर जाण्याआधी काढून ठेवा. पुढे डिग्री करायची झाली तर थेट द्वितीय वर्षासाठी त्याचा डिप्लोमा महाराष्ट्रातल्या संस्थेचा आहे, हेच कामाला येईल. जातीच्या दाखल्यावर मात्र तामिळनाडू सरकारच्या नोकरीत सवलत मिळणार नाही. महाराष्ट्रातला हक्क तसाच राहतो. मोटारसायकल पहिले सहा महिने घरीच असू द्या. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात वापरायची तर आपल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी आणि तिकडे नव्याने नोंदणी, रोड टॅक्स हे सगळं करावं लागतं.

मेलचं उत्तर समाधानकारक आलं तर होकार कळवण्याआधी एकदा दोघांनी होसूरला जाऊन या. मिरजेहून किंवा विजयपूरहून रात्रीच्या गाडीने बंगळूर, तिथून होसूर ४० किलोमीटर. कंपनीच्या गेटबाहेर शिफ्ट सुटताना दोन ट्रेनींना विचारलं तरी एचआरने न सांगितलेलं कळतं.

आणि चाकणची नोकरी फोनवर सोडू नका. लेखी राजीनामा, नोटीस पूर्ण, अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर हातात. ठेकेदाराने पीएफ खात्यावर ‘डेट ऑफ एक्झिट’ टाकली का ते बघा. त्याने नाही टाकली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी मुलाला स्वतः टाकता येते. पीएफ काढून घेऊ नका, होसूरला जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या आणि रक्कम ट्रान्स्फर करा, म्हणजे पेन्शनच्या सेवेत चाकणचं वर्षही धरलं जाईल.