नवीन लाईनवर येणाऱ्या ड्रायव्हर भावासाठी

भावा, हेवी लायसन्स निघालं, अभिनंदन, आता खरं काम सुरू. पहिलं म्हणजे उतारावर न्यूट्रल मारायची सवय लावूच नको. कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडं उतरताना डिझेल वाचवायला लोक न्यूट्रल करतात, मग इंजिन गाडी धरत नाही, सगळा लोड ब्रेकवर येतो, ड्रम तापतात अन् पाय दाबला तरी गाडी थांबत नाही, तिथं किती माणसं गेलीत ते पेपरात वाचलंच असशील. गिअर खाली घ्यायचा तो उतार लागायच्या आधी, वेग धरल्यावर नाही.

निघताना टायर, हवा, ताडपत्री, दोरी स्वतः बघ. अन् क्लीनरला शिव्या द्यायच्या नाहीत, रात्री रिव्हर्स घेताना तोच पोरगा मागं उभा असतो.

बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) अन् ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) हातात आलं की तारीख वाच, साध्या मालाला ई-वे बिलावर 200 किलोमीटरला 1 दिवसाची मुदत मिळते, गाडी बिघडून अडकलास तर लगेच ऑफिसला फोन कर म्हणजे ते मुदत वाढवून घेतील. उशीर होणार असेल तर पार्टीला आधीच सांग, फोन बंद करून बसणारा ड्रायव्हर मला बिलकुल पटत नाही. माल उतरला की पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, सही-शिक्का घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नको, काही डॅमेज असेल तर तिथंच लिहून घे, नाहीतर नंतर तुझ्याच पगारातून कापतात.