‘कुठं ठेवलंय गं?’ : घर आवरण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी घर आवरण्याबद्दल बरीच पत्रं आलीत, बेळगाव शहरातून, खानापूर साइडनं, निपाणीकडून. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही म्हणून चार निवडलीत, त्यातलं शेवटचं जरा सावकाश वाचा.

प्रश्न : ताई, आम्ही वडगावात राहतो. मिस्टर उद्यमबागला कारखान्यात, फर्स्ट शिफ्ट असली की उजाडायच्या आत बाहेर. मी एका पतसंस्थेत, मुलगी एसएसएलसीला म्हणजे दहावीला, धाकटा तिसरीत, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. सकाळी नऊपर्यंत घरात नुसता आरडाओरडा, गाडीची किल्ली कुठाय, मोजा एकच सापडलाय, माझी डायरी बघितलीस काय, आणि सगळं विचारायचं मलाच. रविवारी चार चार तास आवरते, बुधवारी परत तेच. मोबाईलवर व्हिडिओ बघून गणपत गल्लीतून प्लास्टिकचे बारा डबे आणले, ते पण भरले आणि आता कशात काय आहे मलाच आठवत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही हो, पण तुम्ही एकट्यानं आवरता ना, म्हणून वस्तूंच्या जागा फक्त तुमच्या डोक्यात आहेत, मग घरातले बाकीचे तुम्हालाच विचारणार, दुसरं कुणाला विचारणार? घर आवरलेलं आहे की नाही ते मी एकाच गोष्टीवरून ओळखते, तुम्ही दोन दिवस माहेरी गेलात तर मागं फोन किती येतात त्यावरून.

तर पुढच्या रविवारी आवरूच नका. त्याऐवजी आठवडाभर नुसतं बघा, कुठली वस्तू कुठं पडते. मिस्टर कामावरनं आले की किल्ली कुठं टाकतात, टीव्हीजवळ? मग किल्लीचा खिळा टीव्हीच्या बाजूलाच मारा, दाराच्या मागं ती शोभेची किल्लीपट्टी लावलीत तरी तिकडं कुणाचा हात जाणार नाही. धाकटा सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत आला की दप्तर जिथं आपटतो तिथंच एक खुंटी, पण त्याच्या खांद्याच्या उंचीला, आपण आपल्या उंचीला मारतो आणि मग पोरं अडकवत नाहीत म्हणून ओरडतो. माणसाची सवय बदलायला वर्ष जातं, खिळा बदलायला पाच मिनिटं पुरतात.

मोज्यांचं सोपं आहे, शाळेचे एकाच रंगाचे एकाच कंपनीचे सहा जोड घ्या, मग जोडी शोधायचा प्रश्नच येत नाही, कुठलेही दोन उचलले की झालं. डबे, त्यांची झाकणं, पाण्याच्या बाटल्या हे सगळं एका फळीवर, मुलांचा हात पोचेल अशा, आणि रात्री जेवणं झाली की मुलगी स्वतःचा आणि भावाचा डबा धुऊन तिथं ठेवेल, एसएसएलसीला असली तरी त्याला पाच मिनिटं लागतात, त्यानं अभ्यास बुडत नाही. प्रत्येकाला एक बुट्टी म्हणजे टोपली द्या, सोप्यात इकडंतिकडं पडलेलं ज्याचं असेल ते त्याच्या बुट्टीत टाकायचं आणि झोपायच्या आधी ज्यानं त्यानं आपली रिकामी करायची, मिस्टरांची पण. दुसऱ्याची बुट्टी तुम्ही रिकामी करायची नाही, हे मात्र कडक पाळा, पहिला आठवडा जीव तळमळेल, तरी पाळा.

स्वैपाकघरात एका जातीची भांडी एकत्र ठेवण्यापेक्षा एका कामाच्या वस्तू एकत्र ठेवा. चहापूड, साखर, गाळणी, कप शेगडीजवळ. भाकरीचं पीठ, परात, तवा, उलथणं एकाजागी. सासूबाईंना रोज लागणारं कंबर ते खांदा एवढ्या उंचीत, खाली वाकायला नको आणि स्टुलावर तर चढायलाच नको. वरच्या फळीवर सणासुदीची मोठी पातेली जाऊ देत.

आणि त्या बारा डब्यांचं म्हणाल तर सगळे एकदा जमिनीवर ओता. डबा सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो, आधी काय ठेवायचं ते ठरतं, मग त्याला केवढा डबा लागेल ते कळतं, आपण नेमकं उलटं करतो. वर्षभरात हात न लागलेलं वेगळं काढलंत तर बारातले पाचसहा रिकामे होतील असं मला वाटतं. जे राहतील त्यांच्यावर चिकटपट्टी लावून आत काय आहे ते लिहा, अक्षर धाकट्याचं असू दे, त्यानं लिहिलं की त्याला जागा पाठ होते.

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही, कपाटात कपड्यांना कुबट वास, चपलांवर बुरशी, मागच्या वर्षी लग्नातल्या शालूवर ठिपके आले, रडूच आलं. काय करावं?

उत्तर : तुमच्याकडचा पाऊस काय असतो ते घाटाकडच्या माणसालाच माहीत. बुरशीला ओल आणि कोंडलेली हवा एवढंच पुरतं, त्यामुळं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर चारपाच बोटं पुढं ओढा, मागनं हवा खेळू दे. कपडे हाताला गार लागले म्हणजे अजून ओले आहेत असं समजायचं आणि कपाटात घालायचं नाही, इस्त्री केलेत तरी निववून मग रचा, गरम रचले की वाफ आतच राहते. कपाट गच्च भरू नका. लाकडी कोळसा जुन्या सुती कापडात बांधून कोपऱ्यात ठेवला तर ओल ओढतो, ऊन पडलं की तो उन्हात टाकून परत वापरता येतो.

रेशमी आणि जरीची लुगडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरतो. मऊ धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा आणि दोनतीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडनं घाला, म्हणजे एकाच रेषेवर चिरत नाही. डांबराच्या गोळ्या घालणार असाल तर कापडात बांधून, साडीला लागणार नाहीत अशा, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर अजिबात नको, त्या वासानं लहान बाळांना खरंच अपाय होतो. कॉटखाली पुठ्ठ्याचे बॉक्स असतील तर आजच काढा, पुठ्ठा म्हणजे वाळवीला जेवण. त्यापेक्षा आजीची पत्र्याची ट्रंक चार विटांवर ठेवलेली बरी. छत्र्या, रेनकोट, इरलं सगळं पडवीतच खुंटीला, खाली एक जुनी परात, ओलं घरात आणायचंच नाही.

प्रश्न : अनगोळमधून लिहितोय. पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं बॅरेल, हंडे, घागरी, बादल्या यातच अर्धी न्हाणी आणि परडं गेलंय. जागा कशी काढायची?

उत्तर : पाणी साठवायचं कमी करा असं मी सांगणार नाही, ते तुमच्या हातात नाही. पण बारीकसारीक पंधरा भांड्यांपेक्षा झाकणाची दोन मोठी बॅरेलं कमी जागा खातात. प्यायचं, स्वैपाकाचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवा आणि पहिल्यांदा जुनं पाणी संपवा, प्रत्येक भांड्याला खडूनं वार लिहिला की भांडण होत नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं करून आतनं घासून सुकवायचं, डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा चुकवू नका.

प्रश्न : ताई, निपाणीजवळच्या गावातनं लिहितोय. सहा महिन्यांमागं वडील गेले. सगळी कागदपत्रं तेच बघायचे. आता ट्रंकेत, गादीखाली, देव्हाऱ्यामागं, पिशव्यांत नुसते कागद सापडूलालेत, काही कन्नड, काही मराठी, काही मोडीत. आईला कन्नड वाचता येत नाही, मी आणि बायको दोघं कामावर, भाऊ पुण्याला. बँकेत काही मागितलं की दोन दिवस शोधण्यात जातात. कुठनं सुरुवात करू?

उत्तर : वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. गेलेल्या माणसाच्या अक्षरातले कागद हातात आले की आवरणं बाजूलाच राहतं, त्यामुळं एका दिवसात करायचं असं मनात पण आणू नका, रोज एक पिशवी बास.

पहिल्यांदा दोनच ढीग करा. एक, परत मिळू शकणारे कागद, आणि दुसरा, एकदा गेले की गेले असे. आरटीसी म्हणजे आपला जमिनीचा उतारा नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत परत मिळतो, ऑनलाइन पण काढता येतो, आधार परत छापून मिळतं, हेस्कॉमचं लाईटबिल, घरपट्टीची पावती, मार्क्स कार्ड, नोंदणी झालेल्या खरेदीपत्राची नक्कल, हे सगळं हेलपाटे मारून का होईना मिळतं. पण घरच्या घरी चौघांच्या सह्यांनी केलेलं नोंदणी नसलेलं वाटणीपत्र, हातउसन्याच्या चिठ्ठ्या, सोसायटीच्या जुन्या हातानं लिहिलेल्या पावत्या, आणि ते मोडीतले कागद, यांची दुसरी प्रत बहुतेक कुठंच नसते. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं आजोबांच्या वेळचे कागद मराठीत किंवा मोडीत निघाले तर रद्दी समजून टाकू नका, वाचणारा सापडेपर्यंत जपा. या दुसऱ्या ढिगाचे आधी फोटो काढा आणि भावाला पाठवा, एवढं याच आठवड्यात करा, बाकीचं दिवाळीपर्यंत चाललं तरी चालेल.

टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा, पावसाळ्यात गंजतात आणि कागद खातात. जुने कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर नकोच. एटीएमच्या, दुकानाच्या गुळगुळीत पावत्या हळूहळू पांढऱ्या पडतात, कामाची असेल तिची झेरॉक्स काढून जोडून ठेवा.

मग मोठी पाकिटं घ्या, जमीन, घर, बँक, दवाखाना, शिक्षण अशी, आणि प्रत्येकावर आत काय आहे ते मोठ्या मराठी अक्षरात लिहा. कन्नड कागद असेल तर त्याच्या कोपऱ्यावर नाही, पाकिटावर लिहा, ‘२०१९ ची घरपट्टी’ असं, म्हणजे आईला कुणाला विचारायला लागणार नाही. घरात शाळेत जाणारं पोरगं असेल तर त्याला जवळ बसवा, आपल्याकडच्या पोरांना शाळेत कन्नड असतंच, तुमच्यापेक्षा भराभर वाचतील. सगळी पाकिटं एकाच पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी कुठं आहे ते आई, बायको, भाऊ तिघांना माहीत पाहिजे. वडिलांच्या डोक्यातली यादी आता तुमच्या डोक्यात गेली आणि तिथंच राहिली तर परत तेच होईल.

आईला मात्र सुरुवातीपासून बरोबर घ्या. तिला कन्नड येत नसेल पण कुठली पावती कुठल्या वर्षीची, बैल विकले तेव्हाची का बहिणीच्या लग्नाआधीची, ते तिलाच ठाऊक. दुपारी चहा झाल्यावर एक पिशवी तिच्यापुढं ओता, ती काय सांगते ते पाकिटाच्या मागं लिहून घ्या, आणि त्यात वडिलांच्या हातची एखादी चिठ्ठी निघाली तर ती तिच्याकडंच राहू दे.