14 वर्षांच्या मुलीच्या सोनोग्राफीत पीसीओडी निघालंय, गोळ्या सुरू कराव्यात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीची पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं, कधी 40 दिवसांनी येते तर कधी 55, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पीसीओडी’ (अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाचा त्रास) आलंय. मी डॉक्टर नाही. पण असाच कागद हातात घेऊन मीही रिक्षात रडले होते. लेक आता 19 वर्षांची आहे.

आधी तो कागद बाजूला ठेवा. या वयात अंडाशयात बारीक बारीक बीजकोश भरपूर दिसतात, त्या काही गाठी नव्हेत. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच म्हटलंय. मुलींमध्ये दोन्ही गोष्टी लागतात: अनियमित पाळी, आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं किंवा रक्तात जास्त टेस्टोस्टेरॉन. पहिलं वर्ष दिवस मागेपुढे होतातच, पुढची दोन वर्षं 21 ते 45 दिवस ठीक. तुमचे 40 चालतील. 55 पुन्हा पुन्हा होत असतील तर तपासायला हवं.

आमच्याकडे खरी खूण मानेवर होती आणि आम्ही ती वर्षभर घासत बसलो. सासूबाई म्हणायच्या, मळ साचलाय, नीट आंघोळ करत नाही. डाळीचं पीठ झालं, दही झालं, मग अर्धं लिंबू. एका रविवारी मान लालबुंद झाली आणि पोर बाथरूममधून ओरडली, “आई, हा मळ नाहीये गं!” तिचंच खरं होतं. मानेवरचा तो काळा, मखमलीसारखा जाडसर पट्टा बहुतेकदा रक्तात इन्सुलिन जास्त असल्याचं सांगतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी सोडतं, आणि ते जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. मान, मुरुमं, लांबलेली पाळी, सगळं एकाच घरचं.

लेक जाड नव्हती, म्हणून शुगरचा विचारच केला नाही. नंतर कळलं, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! आपली बारीक माणसं अशी फसवतात.

लेकीची उपाशीपोटी साखर 92 आली, आम्ही निश्चिंत. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी मात्र 152. ती 140 च्या आत हवी. त्यामुळे एकाच आकड्यावर थांबू नका. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) हेही बघून घ्या, त्यानेही पाळी लांबते.

आता गोळ्या. हार्मोनच्या गोळ्यांवर महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, पण मूळची इन्सुलिनची तक्रार तशीच राहते. तरी 90 दिवस पाळी आलीच नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, तेव्हा डॉक्टरांनी दिल्या तर नाही म्हणू नका. पुढे मूल होण्यावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. (आजीने लेकीसमोर हाच प्रश्न काढला होता, मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन समजावलं.) आमच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन (शरीर इन्सुलिनला नीट दाद देऊ लागावं म्हणूनचं औषध) दिलं, पहिले पंधरा दिवस पोट बिघडलं, मग सुरळीत.

घरात चहा-खारी जाऊन मुगाची धिरडी आली, क्लासहून ती चालत येऊ लागली. ‘वजन’ हा शब्द मी बंद केला, कारण तो ऐकला की ती जेवण टाळून रात्री फरसाण खायची. मानेचा पट्टा फिका झालाय, गेला नाही. पाळी 34-38 दिवसांनी येते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सोनोग्राफी राहिली तरी चालेल, कॅलेंडरवर गोल केलेल्या गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा तेवढ्या न्या.