वाचकांचे प्रश्न : प्लग काळा, अॅव्हरेज कमी

प्रश्न : माझी 100 सीसीची कार्बोरेटरवाली गाडी 2011 ची, 62,000 किमी चाललेली. लिटरला 60 द्यायची, आता 42 वर आली. डिसेंबरातल्या सकाळीही चोक न देता पहिल्या किकला सुरू होते, पण गरम झाली की सिग्नलला गुडगुडते आणि बंद पडते. प्लगवर कोरडी काजळी. एअर फिल्टर नवा टाकला. मिस्त्रीनं मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) एक नंबर लहान बसवला, तर शहरात काही फरक नाही, उलट बायपासवर गाडीचा दम गेला. मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत घेतला तरी इंजिन तसंच चालतं. आता काय बदलू? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : आधी जुन्या नंबरचा मेन जेट परत बसवा. तो गाडीचं पेट्रोल ठरवतो ते रेस पाऊणच्या पुढे पिळल्यावर. शहरात आपण रेस फार तर अर्ध्यापर्यंत नेतो, म्हणून तिथे फरक पडला नाही आणि बायपासवर मात्र इंजिन उपाशी राहिलं. बंद रेसपासून आठव्या भागापर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू, पावपासून पाऊणपर्यंत रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला लटकलेली सुई, आणि पुढे मेन जेट, अशी साधारण वाटणी असते. गाडी कुठे अडखळते हे रेसच्या मुठीवर खडूची खूण करून पाहावं. त्याशिवाय जेटला हात लावू नये.

थंडीत चोकशिवाय सुरू होणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच चोक दिल्याइतकं दाट, म्हणजे जास्त पेट्रोलचं, झालं आहे. प्लगची काजळी कोरडी आहे म्हणजे दोष पेट्रोलचा. ती ओली, तेलकट असती तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील पाहावे लागले असते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ स्क्रूबद्दलची आहे. हा स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो. पूर्ण आत घेतल्यावर इंजिन अडखळून बंद पडायला हवं. (फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, आणि आत घेतल्यावर मिश्रण उलट दाट होतं. बाजू न पाहता फिरवणारे इथेच फसतात.) तुमचा स्क्रू इंजिनाकडचा असेल आणि तरी इंजिन चालत असेल, तर पेट्रोल दुसऱ्या वाटेनं येतंय. एक साधी शक्यता आधी बाजूला काढा : आयडलचा (रेस सोडल्यावरच्या वेगाचा) स्क्रू फार आत असेल तर स्लाइड वर राहते आणि सुईकडूनच पेट्रोल ओढलं जातं. ते नसेल तर पुढच्या तीन जागा पाहा.

पहिली जागा चोक. फिल्टरकडचा रबरी पाइप काढून आत टॉर्च मारा. दांडी सोडल्यावर पडदा पूर्ण उघडतो का ते दिसेल. केबलचा चोक असेल तर केबलला एक-दोन मिमी ढील हवी.

दुसरी जागा फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, इंजिन थंड, जागा मोकळी, जवळ विस्तव नको. वाटीच्या ड्रेन तोंडाला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरला चिकटवून वर धरा, ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल कॉक उघडा. नळीतली पातळी वाटी-बॉडीच्या सांध्याखाली काही मिमीवर थांबली पाहिजे. ती सांध्यापर्यंत आली किंवा चढतच राहिली, तर फ्लोटची पिन (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी) गळते. पिनच्या टोकावर गोल चर पडला असेल तर पिन बदला आणि तिची बैठक पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तोही बदला. प्लास्टिकच्या फ्लोटची उंची बहुधा वाकवून बदलता येत नाही, उगीच जोर लावू नका. पिन गळत असेल तर इंजिन ऑइलचा वास घ्या. त्याला पेट्रोलचा वास असेल किंवा पातळी खुणेच्या वर असेल तर ऑइल आधी बदला. पातळ ऑइलवर चालवलं तर कॅम आणि पिस्टन झिजतात.

तिसरी जागा सुई आणि तिचा पितळी नीडल जेट (सुई ज्या भोकात वर-खाली होते तो), आणि 62,000 किमीला माझा मुख्य संशय इथेच आहे. सुई भोकात सतत थरथरते आणि भोक लंबगोल होतं. समजा सुई 2.50 मिमी जाड आणि भोक 2.60 मिमी. पेट्रोल जातं ते दोघांमधल्या कड्यातून. भोक फक्त 0.05 मिमीनं मोठं झालं, तरी त्या कड्याचं क्षेत्रफळ दीडपट होतं! रेस पूर्ण असताना सुई वर उचललेली असते, अडथळा मेन जेटचा असतो, म्हणून तिथे ही झीज कळतच नाही. शहरातच पेट्रोल उडतं. सुई आणि नीडल जेट जोडीनंच बदला. नव्या सुईला जुनं भोक दिलं तर पैसे वाया. सुईला एकाहून जास्त खाचा असतील तर क्लिप एक खाच वर घेऊन तात्पुरतं भागवता येतं, कारण त्यानं सुई खाली उतरते.

कार्बोरेटर उघडलाच आहे तर नीडल जेटच्या बाजूची बारीक भोकं आणि तोंडाशी असलेला एअर जेट हवेच्या दाबानं साफ करा. ती बुजली की हवा मिसळत नाही आणि मिश्रण दाट होतं. तार मात्र घालू नका. पितळ मऊ असतं, जेट तारेनं वाढतो आणि मग हीच तक्रार कायमची होते.

सगळं जोडल्यावर नवा प्लग लावा, गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. इंजिनाकडचा स्क्रू हळूच टेकेपर्यंत आत घेऊन दोन फेरे बाहेर काढा, जास्तीत जास्त आरपीएम मिळेल तिथे थांबवा आणि आयडल 1400 च्या आसपास आणा.

प्रश्न : भेरूघाट उतरून बडवाहला गेलो की गाडी हलकी चालते, इंदूरला परतलो की जड. उंचीचा परिणाम का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, बडवाह त्याहून साडेतीनशेक मीटर खाली. एवढ्या फरकानं हवा साडेतीन टक्क्यांच्या आसपास विरळ होते आणि मिश्रण जेमतेम दोन टक्के दाट. निरोगी गाडीत हे जाणवणार नाही. खरं कारण बहुधा हे : मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चालताना प्लग तापतो आणि काजळी जळून जाते, शहरात दोन-दोन किमीच्या फेऱ्यांत ती साठते. म्हणजे मिश्रण मुळातच दाट आहे. वरचं उत्तर तुम्हालाही लागू.

प्रश्न : 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं प्लग काळा पडतो असं मिस्त्री म्हणतो. खरं का?

उत्तर : उलट आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉल असेल तर साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तोच जेट ठेवला तर मिश्रण थोडं पातळ होतं. अॅव्हरेज काही टक्के घटेल, काजळी मात्र वाढणार नाही. आडून एक दोष येऊ शकतो : इथेनॉल टाकीतला जुना चिकटा आणि गंज सोडवतं, तो कचरा फ्लोटच्या पिनमध्ये अडकतो आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. टाकी एकदा धुवून घ्या, कॉकची जाळी आणि फ्युएल फिल्टर बदला.

प्रश्न : गाडी बीएस-6, इंजेक्शनची. तरी सायलेन्सरमधून काळा धूर.

उत्तर : इथे कार्बोरेटर नाही, पेट्रोल कंप्युटर मोजून सोडतो, म्हणून फिरवायला स्क्रू नाही. एअर फिल्टर पाहा. कारखान्यातूनच तेलकट आलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. मग इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर तपासून घ्या. तो बिघडला की कंप्युटरला इंजिन थंडच वाटतं आणि गरम इंजिनालाही थंडीतल्याइतकं पेट्रोल मिळत राहतं. तिसरी शक्यता गळका इंजेक्टर. मीटरवरचा इंजिनाचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून मिस्त्रीला सांगा. अनेक गाड्यांत तोच फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, असतो.