६व्ही६ च्या अँपमध्ये ५वाय३ काढून जीझेड३४ लावला तर चालेल का?

बसेल. पेटेलही. पण तुमच्या अँपमध्ये मी तो तसाच लावणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळलं: घरचा जुना स्टिरिओ अँप, दोन्ही बाजूंना एकेक ६व्ही६, म्हणजे स्पीकरला जोर देणारा काचेचा व्हॉल्व्ह, आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह, ५वाय३जीटी. मित्राने जीझेड३४ हा दुसरा रेक्टिफायर हातात ठेवला आणि म्हणाला, हा लाव, आवाज मोकळा होईल. मीही सोलापूरचाच. मामांचा माईक सेट भाड्याने द्यायचा धंदा होता. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर कर्णे बांधायला मी शाळेत असल्यापासून जायचो, त्यामुळे व्हॉल्व्हचे चटके आणि मामांचे शब्द दोन्ही लवकर खाल्ले.

दोन्ही व्हॉल्व्हच्या पिना सारख्याच आहेत. २ आणि ८ वर पाच व्होल्टचा हीटर, ४ आणि ६ वर प्लेट, डीसी बाहेर निघतो ८ वरून. म्हणून सॉकेट काही तक्रार करत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. हीटरच्या बाजूने बघितलं तर तुमचा मित्र बरोबर आहे. ५वाय३ दोन अँपिअर घेतो, जीझेड३४ एक पूर्णांक नऊ. ट्रान्सफॉर्मरला काही कळणारसुद्धा नाही. (५यू४ हा तिसरा रेक्टिफायर मात्र चुकूनही लावू नका. तो तीन अँपिअर ओढतो, म्हणजे दीडपट. पाच व्होल्टचं वाइंडिंग तापतं, तासाभरात वार्निशचा वास खोलीभर होतो.)

अडचण आहे ती दाबाची, म्हणजे व्होल्टची. रेक्टिफायर स्वतः काही व्होल्ट खातो. ५वाय३ खादाड आहे, पूर्ण लोडला पन्नास-साठ व्होल्ट गिळतो. जीझेड३४ त्याच्या जवळजवळ दुप्पट करंट देतानाही वीसच्या आतच खातो. म्हणजे तो लावला की वाचलेले व्होल्ट सगळे पुढे ६व्ही६ च्या डोक्यावर.

मागच्या वर्षी एका ओळखीच्यांचा असाच अँप टेबलावर होता, ट्रान्सफॉर्मर २८०-०-२८० चा, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही टोकांना २८० व्होल्ट. दोन्ही लावून मोजलं. ५वाय३ वर एचटी, म्हणजे रेक्टिफायरमधून पुढे जाणारा मोठा डीसी दाब, ३०२ व्होल्ट. ६व्ही६ च्या ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १८.८ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअर. प्लेट ते कॅथोड २७३ व्होल्ट धरले तर साधारण ११ वॉट. ६व्ही६ ची जुनी मर्यादा १२ वॉटची, म्हणजे काठावर पण सुखात. मग जीझेड३४ लावला. एचटी ३३८, कॅथोडवर २१.२, करंट ४५ मिलिअँपिअर, आणि वॉट जवळजवळ १४. त्यात स्क्रीनचा, म्हणजे ६व्ही६ मधल्या जाळीचा, थोडा वाटा असतो, पण तो वजा करूनही व्हॉल्व्ह मर्यादेच्या बाहेरच. खोलीतला दिवा बंद करून पाहिलं, तर डावीकडच्या व्हॉल्व्हच्या प्लेटच्या मधोमध विडीच्या टोकाएवढा लाल ठिपका. लगेच बंद केला.

आवाज बदलला का? हो, थोडा मोठा आणि जरा टणक वाटला. पण तो जीझेड३४ चा गुण नव्हे, त्या ३६ व्होल्टचा. तेवढेच व्होल्ट दुसऱ्या कुठल्या मार्गाने वाढवले असते तरी तेच ऐकू आलं असतं. रेक्टिफायर बदलला की गिटारवाल्यांना हाताला फरक जाणवतो, तेही खरं आहे. त्यांच्या पुश-पुल, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणाऱ्या, अँपमध्ये तार जोरात छेडली की करंट एकदम वाढतो, ५वाय३ सारखा व्हॉल्व्ह जास्त व्होल्ट खातो, एचटी क्षणभर बसते आणि सूर थोडा दबून पुन्हा वर येतो. तुमचा एकेरी ६व्ही६ क्लास ए मध्ये आहे, म्हणजे त्यातून करंट सतत वाहता असतो. भजन असो वा तबला, तो सरासरी करंट जवळपास सारखाच ओढतो, मग बसायचं काय?

आता एक सोलापुरी मुद्दा, जो बाहेरच्या सल्ल्यात सहसा सापडत नाही. आमच्याकडे पूर्व भागात यंत्रमाग चालू असताना दुपारी भिंतीत २१८ व्होल्ट दिसतात. माग बंद असले की रात्री मी २४७ सुद्धा पाहिलेत. २३० धरून बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४७ दिले की एचटी आणि हीटर, दोन्ही सात टक्क्यांनी वर. वरच्या ३३८ मध्ये आणखी पंचवीस मिळवा! म्हणून दोन रेक्टिफायरची तुलना कराल तेव्हा प्रत्येक वेळी भिंतीतला आकडाही शेजारी लिहा. नाहीतर तुम्ही व्हॉल्व्हची नव्हे, मागाच्या पाळीची तुलना करून बसाल. तुमचा ट्रान्सफॉर्मर विलायती असेल आणि पाठीमागे २००-२२०-२४० असे टॅप असतील, तर आधी तो २४० वर आहे का बघा. माझ्या मते कुठल्याही महागड्या रेक्टिफायरपेक्षा या एका टॅपने व्हॉल्व्हचं आयुष्य जास्त वाढतं.

दुसरी चूक मी स्वतः केलेली. मामांच्या डब्यात बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ईझेड८१, हेही रेक्टिफायरच, भरपूर असायचे. बंगळूरच्या या कंपनीने १९६१ मध्ये फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या सेटमध्ये युरोपीय नंबरच जास्त दिसतात. एका सेटमध्ये गुणगुण होती. मी शहाणपणा केला, पहिला ३२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून १०० चा टाकला. चालू करताच काचेत निळी ठिणगी, फट् असा आवाज, फ्यूज गेला आणि ईझेड८१ ही गेला. त्याला पहिला कॅपॅसिटर जास्तीत जास्त ५० चालतो. जीझेड३४ ला ६०, ५वाय३ ला साधारण २० पर्यंत. मोठा कॅपॅसिटर दर फेरीला मोठा घोट मागतो आणि तो घोट व्हॉल्व्हच्या कॅथोडला फाडतो. गुणगुण घालवायची तर मोठा कॅपॅसिटर चोकच्या (गुणगुण अडवणाऱ्या कॉइलच्या) किंवा रेझिस्टरच्या पुढे टाका. मामा त्या दिवशी काही बोलले नाहीत, फक्त जळालेला व्हॉल्व्ह माझ्या टिफिनच्या पिशवीत ठेवला.

तुमच्या अँपची दुरुस्ती कुणी करून गेलं असेल, तर हे आधी उघडून बघा. मूळ १६ चा कॅपॅसिटर काढून कुणीतरी १०० चा मारलेला असणं फार सर्रास आहे.

जीझेड३४ च्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. ५वाय३ मध्ये फिलामेंटच कॅथोडचं काम करतं, त्यामुळे स्विच टाकल्यावर दोन-चार सेकंदांत एचटी उभी राहते. ६व्ही६ तेव्हा थंडच असतात, करंट कुणी ओढत नाही, म्हणून वर म्हटलेल्या ट्रान्सफॉर्मरवर काही क्षण कॅपॅसिटरला ३९० च्या आसपास सोसावे लागतात. जुने ३५० व्होल्टचे कॅपॅसिटर इथेच मरतात. जीझेड३४ चा कॅथोड वेगळा असतो, तो सावकाश तापतो आणि एचटी हळूहळू चढते. हा फायदा हवाच असेल, तर पहिल्या कॅपॅसिटरच्या पुढे ३९० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर टाका. तुमचा सगळा मिळून करंट ९० मिलिअँपिअर धरला तर तो ३५ व्होल्ट खाईल, म्हणजे ५वाय३ चं काम तोच करेल. मग खुशाल लावा.

सिलिकॉन डायोडचा सल्लाही कुणीतरी देईलच. व्होल्ट आणखी वाढतात आणि क्षणात येतात. शिवाय २८०-०-२८० ला उलटा दाब ७९० च्या वर जातो, त्यामुळे १०००चा एकच १एन४००७ मला पुरेसा वाटत नाही. लावायचेच तर प्रत्येक बाजूला दोन, एकामागे एक.

बदली ५वाय३ विकत घेताना काच नीट बघा. रशियन बनावटीचे काही व्हॉल्व्ह ५वाय३ अशा छापाने विकले जातात, पण आतून ते वेगळ्या कॅथोडचे असतात आणि कमी व्होल्ट खातात. खऱ्यात पातळ फिलामेंट उलट्या व्ही सारखं ताणलेलं दिसतं.

मोजायला घ्याल तेव्हा प्लग काढून ठेवा, १० के (दहा हजार ओहम), १० वॉटच्या रेझिस्टरने कॅपॅसिटर रिकामे करा आणि मीटरने शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालू नका. चालू असताना मोजायचंच असेल तर एक हात पाठीमागे. तुमचा ५वाय३ गुणगुणत नसेल, हलवला तर खरखरत नसेल, वरचा चंदेरी डाग पांढरा पडला नसेल, तर तो बदलायचं कारणच नाही. पिन ८ चा आकडा, कॅथोडवरचा आकडा आणि भिंतीतला आकडा असे तीन लिहून पाठवा, वॉट मी काढून देतो. जीझेड३४ मित्राला परत करू नका मात्र. उद्या ईएल३४ या मोठ्या व्हॉल्व्हचा अँप हाती आला तर त्याला तोच लागेल.